कार्यशाळेच्या आदल्या रात्री केबल तपासा

येत्या शनिवारी पुन्हा एका शाळेत आर्डुइनोची, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांची, कार्यशाळा घेतोय. गेल्या वेळी तीन तासांपैकी पावणेदोन तास नुसत्या 'सर, पोर्ट दिसत नाही' यात, म्हणजे जोडलेला बोर्ड कॉम्प्युटरला सापडतच नाही यात, गेले. चोवीस मुलं होती, बारा नॅनो (आर्डुइनोचा छोटा प्रकार) बोर्ड होते, आणि शेवटपर्यंत एकाच बाकावरचा एलईडी मुलींनी लिहिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे लुकलुकला. बाकीची बावीस मुलं त्यांच्याभोवती गोळा होऊन बघत राहिली. तो दिवस मनातून जात नाही, म्हणून ही यादी लिहिली. आधी स्वतःसाठी, आणि असे बोर्ड घेऊन मुलांसमोर जाणाऱ्या प्रत्येकासाठी.

पहिलं काम केबलचं. बोर्ड नंतर, ड्रायव्हर (बोर्डाशी बोलायला कॉम्प्युटरला लागणारा प्रोग्रॅम) त्याच्याही नंतर. आदल्या आठवड्यात मी बाराच्या बारा बोर्ड घरी तपासले होते, मन लावून तपासले होते, पण सगळे माझ्या रोजच्या एका निळ्या केबलने. उरलेल्या अकरा केबली नव्या आणलेल्या, रबरबँडमध्ये गुंडाळलेल्या, तशाच पिशवीत गेल्या. शाळेत जोडल्यावर सगळ्या बोर्डांवरचे दिवे लागले. लाल दिवा तर लागलाच, शिवाय पिन १३ जवळचा छोटा दिवाही लुकलुकायला लागला, कारण असे बोर्ड बहुतेक वेळा ब्लिंकचा (दिवा लुकलुकवण्याचा) प्रोग्रॅम भरूनच येतात. मी म्हटलं, झालं, सगळं चालू आहे. पण त्या दिव्यांना फक्त वीज लागते. बोर्डाचं कॉम्प्युटरशी बोलणं होतंय की नाही, हे ते दिवे सांगूच शकत नाहीत.

त्या रात्री घरी येऊन एक केबल ब्लेडने सोलली. आत फक्त दोन तारा होत्या, लाल आणि काळी, केसांपेक्षा थोड्या जाड. डेटाच्या केबलमध्ये चार असतात. लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पांढरी नि हिरवी माहितीच्या. पांढरी-हिरवी नव्हतीच. छोटे स्पीकर, टॉर्च यांच्या बरोबर येणाऱ्या केबली अशाच असतात, नुसत्या चार्जिंगच्या, आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. जाडीवरून, रंगावरून किंवा वेष्टनावर काय छापलंय यावरून ठरवू नका. दुकानात 'डेटा केबल द्या' असं स्पष्ट सांगा, पुण्यात तपकीर गल्लीत घ्या नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि तरीही घरी आणून प्रत्येक केबल तपासा. नमुन्याला एक तपासून भागत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. जो बोर्ड नक्की चालतो तो एकच घ्या, कॉम्प्युटरचं एकच यूएसबी पोर्ट धरा आणि केबली बदलत जा. विंडोजचा तो 'डिंग' आवाज आला पाहिजे आणि डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडून ठेवलं असेल तर 'पोर्ट्स' या गटात बोर्डासाठीचं नवीन कॉम पोर्ट उगवलं पाहिजे. उगवलं की केबलला हिरवी टेप लावा. नाही उगवलं तर ती केबल घराबाहेर काढा, निदान त्या पिशवीतून तरी. 'असू दे, चार्जिंगला होईल' म्हणून परत त्याच डब्यात टाकाल तर पुढच्या वेळी तीच हातात येणार. केबल मायक्रो किंवा टाइप-सी असेल तर मोबाइल जोडूनही कळतं. फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल डेटाची, नुसतंच चार्जिंग दाखवलं आणि दुसऱ्या केबलने मात्र तो पर्याय आला तर पहिली चार्जिंगची. टाइप-सी तोंडाच्या बोर्डांचा आणखी एक त्रास आहे. काही स्वस्त बोर्डांवर सीसी पिनांना (समोर बोर्ड जोडलाय हे कळवणाऱ्या पिना) लागणारे ५.१ किलोओहमचे दोन रोध (रेझिस्टर) बसवलेलेच नसतात. असा बोर्ड दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलला दादच देत नाही, दिवाही लागत नाही. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल घेतली की लगेच चालतो. म्हणून अशी एक तरी जवळ ठेवा.

आता ड्रायव्हर. माझा सगळा वेळ इथेच गेला, आणि चुकीच्या कारणासाठी गेला. ड्रायव्हर नसला तरी कॉम्प्युटरला काहीतरी आल्याचं कळतं, हे मी त्या गडबडीत विसरलो. बोर्डावरची चिप माहितीची एक तार १.५ किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टकडे ओढून धरते आणि त्यावरूनच कॉम्प्युटर ओळखतो की कोणीतरी आलंय. ओळख पटवण्याचा भाग त्याच्या पुढचा. म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर हवा आहे. काहीच हाललं नाही, आवाज नाही, त्रिकोण नाही, यादी जशीच्या तशी, तर ड्रायव्हरला हातही लावू नका. केबल बदला. मी हलत नसलेल्या यादीसमोर बसून आठ कॉम्प्युटरवर एकेक करून ड्रायव्हर टाकले, दोनदा काढून परत टाकले, रीस्टार्ट केले. प्रत्येक रीस्टार्टला मुलं शांतपणे पडद्याकडे बघत बसली होती. केबल बदलायला दहा सेकंद लागले असते. शेवटी आठवीतल्या एका मुलीनेच शेजारच्या बाकावरची माझी निळी केबल काढून आपल्या बोर्डाला लावली आणि म्हणाली, "सर, आमचं आलं." बारा बाकांत तेवढी एकच केबल खरी होती, त्यामुळे शेजारच्यांचं गेलं.

तिसरी अवस्थाही असते. यादीत 'अननोन यूएसबी डिव्हाइस' येतं, कोड ४३ दिसतो, 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं काहीतरी म्हणतं. याचा अर्थ तारा पोचल्यात पण बोलणं तुटक होतंय. इथेही आधी केबल, मग दुसरं यूएसबी पोर्ट, मग बोर्डाच्या यूएसबी तोंडाची झाळ (सोल्डरचा जोड). तोंड बोटाने हलकं हलवून पाहा. डुगडुगत असेल तर तो बोर्ड बाजूला ठेवा, मुलांसमोर सोल्डरिंग काढू नका.

ड्रायव्हर खरंच लागणार असेल तर आधी बोर्डावरची यूएसबीची चिप ओळखा. स्वस्त नॅनोवर बहुधा सीएच३४० असते, ईएसपी३२ या दुसऱ्या प्रकारच्या बोर्डांवर पुष्कळदा सीपी२१०२, काहींवर एफटी२३२. आर्डुइनोच्या मूळ ऊनो आर३ बोर्डावर यासाठी वेगळा एटीमेगा१६यू२ असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून चिपवरची अक्षरं वाचा, डोळ्यांना ती दिसत नाहीत. विंडोज १० आणि ११ बऱ्याचदा ड्रायव्हर आपोआप आणतात, पण त्याला इंटरनेट लागतं आणि शाळेच्या लॅबमध्ये ते असेलच असं धरून चालू नका. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर न्या. आणि हे दोन दिवस आधी फोन करून विचारा: कॉम्प्युटरचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे आहे? तो ज्या सरांकडे असतो ते शनिवारी रजेवर असू शकतात. पासवर्ड नसेल तर ड्रायव्हर खिशात असून उपयोग नाही.

लॅबमध्ये उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर ड्रायव्हर सहसा लागत नाही, कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. तिथे पोर्ट दिसतं पण उघडताना 'परमिशन डिनाइड' येतं. वापरकर्त्याला 'डायलआउट' (असं पोर्ट वापरायची मुभा असलेल्या) गटात घाला, मग लॉगआउट करून परत लॉगिन करा. ते केल्याशिवाय बदल लागू होत नाही, इथे बरेच जण अडकतात. उबुंटू २२.०४ वर आणखी एक गोष्ट आहे. ब्रेल डिस्प्लेसाठीचा 'बीआरएलटीटीवाय' हा प्रोग्रॅम सीएच३४० लाच ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो आणि पोर्ट क्षणभर येऊन नाहीसं होतं. तो काढला की प्रश्न सुटतो, पण शाळेत कोणी दृष्टिहीन विद्यार्थी ते यंत्र वापरत असेल तर हात लावण्याआधी विचारा. लिनक्सवर केबल तपासणंही सोपं आहे. 'एलएसयूएसबी' (lsusb) ही आज्ञा लहान अक्षरांत एकदा बोर्ड काढून आणि एकदा लावून द्या. दुसऱ्या वेळी एक ओळ जास्त आली पाहिजे. नाही आली तर कशाकडे वळायचं ते आता सांगायला नको, तरी सांगतो: केबल.

यूएसबी पोर्टाचं थोडक्यात. डेस्कटॉप असेल तर मागचं, मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. पुढच्यांच्या आतल्या तारा कधीकधी जोडलेल्याच नसतात. हब नको, कीबोर्डवरचं यूएसबी नको.

पहिल्या जोडणीला बोर्ड उघडाच असू दे, वर काही लावलेलं नको. ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचायची पाटी) जोडल्यावर दिवा मावळला तर कुठेतरी ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेत, लगेच काढा. मोटर, सर्व्हो यूएसबीच्या विजेवर चालवू नका, यूएसबी २.० पोर्टाकडून ५०० मिलिअँपिअरच्या वर अपेक्षा धरायची नाही. मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली येतं, बोर्ड रीसेट होतो आणि पोर्ट गायब होतं, आणि मुलांना वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं. असं वाटू देऊ नका.

पोर्ट आलं पण प्रोग्रॅम चढत नाही, 'नॉट इन सिंक' येतंय? आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड नॅनो निवडलाय का बघा, मग प्रोसेसरमध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडून पाहा. बूटलोडर म्हणजे आपला प्रोग्रॅम बोर्डात चढवून घेणारा बोर्डातलाच छोटा प्रोग्रॅम. जुना ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० च्या. तेवढ्यावर निम्मी प्रकरणं मिटतात. पिन ० आणि १ ला ब्लूटूथ वगैरे लावलेलं असेल तर चढवताना काढा, त्या तारा यूएसबीच्या चिपच्याच आहेत. सिरीअल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारा) दुसऱ्या खिडकीत उघडा असेल तर तो बंद करा.

ईएसपी३२ 'कनेक्टिंग' वर अडकला तर बूटचं बटण दाबून धरा. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड असेल तर त्याचं बूटसेल बटण दाबून धरत जोडा, पेनड्राइव्हसारखा दिसेल. बाकी एक्स्टेन्शन बोर्ड, सुटे एलईडी, टेप, हे तुम्ही घ्यालच.

पिशवी भरताना हिरव्या टेपच्या केबली मोजा. बोर्ड बारा असतील तर केबली चौदा. आणि टेप नसलेली एकही नाही.