पुराची गोष्ट मागायला जाताना

पावसाळा तोंडावर आला की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. रानडे इन्स्टिट्यूटमधली पत्रकारिता शिकणारी मुलं म्हणतात, "मॅडम, पूरग्रस्तांवर स्टोरी करायचीय, कुणाचा नंबर आहे का?" एकांकिकावाली म्हणतात, "ताई, पुरावर काहीतरी बसवतोय, खरी माणसं भेटतील का?" मी बरीच वर्षं एका दैनिकात शहराच्या बातम्या केल्या आणि आता एका छोट्या गटाबरोबर अभिवाचनाचे प्रयोग करते, त्यामुळे दोन्हीकडच्यांना मीच सापडते. नंबर मी कुणालाच देत नाही. जायचं कसं, एवढं सांगते. ते आता एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे जूनमध्ये माझा घसा वाचेल.

सगळ्याच्या मुळाशी माझा एकच आग्रह आहे: ज्याची गोष्ट आहे, त्याला ती छापायला जाईपर्यंत, पडदा उघडेपर्यंत परत मागता आली पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते या आग्रहापायीच.

आधी घरी बसून करायचं काम

कुठल्या पाण्याबद्दल बोलतोय ते पक्कं करा. पुण्यात पूर म्हटलं की आजीआजोबा थेट १२ जुलै १९६१ वर जातात. पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधूनही झालं नव्हतं. ते फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही गेलं. ती धरणाची गोष्ट आहे, तिला ओढून हवामान बदलात बसवू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आला तो कात्रजच्या डोंगरातून, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल करत. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. शहर-जिल्हा मिळून मृतांचा आकडा वीसच्या पुढे गेला. पाऊस मोठा होताच, पण ओढ्याचं पात्रही वर्षानुवर्षं आवळत आणलेलं होतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत शिरलं ते मुठेचं पाणी, वर खडकवासल्यातून विसर्ग चालू असताना. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले. आणि ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला तेव्हा १५१ जण गेले. "पावसाने सगळं नेलं" या एका वाक्यात हे सगळं कोंबलं, की समोरच्या माणसाला पहिल्या दोन मिनिटांतच कळतं तुम्ही काही वाचून आलेला नाही.

विज्ञान थोडक्यात: हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. पण सगळं हवामान बदलावर ढकललं, की ओढ्यात भिंत घालणारा आणि त्या बांधकामाच्या नकाशावर सही करणारा दोघंही सुटतात. आणि फक्त त्या दोघांनाच धरलं, तर पुढचा पाऊस आजच्या नकाशात मावणार नाही हे सांगायचं राहून जातं. दोन्ही सांगा.

माहिती अधिकाराचा अर्ज या टप्प्यावरच टाका, कारण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि प्रयोगाची तारीख तेवढी थांबत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जलसंपदा विभागाकडे त्या रात्रीच्या विसर्गाच्या नोंदी मागा, तास आणि क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) दोन्ही. पंचनाम्यांचा गोषवारा मागा, नावं मागू नका. पूररेषेचा नकाशा पाहा: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. ज्या घरात जाणार आहात ते कुठल्या रेषेत बसतं, हे तुम्हाला ठाऊक हवं. पावसाचा आकडा घेताना केंद्र कुठलं ते बघा. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा कात्रजच्या डोंगराला लावून लिहिलेल्या बातम्या मी डेस्कवर पुष्कळ परत पाठवल्यात.

जाणं आणि बसणं

वस्तीत सकाळी जाऊ नका, नळाला पाणी आलेलं असतं. धुणीभांड्याची कामं करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार या वेळात जरा टेकतात. त्यांच्या त्या दोन तासांतला एक तुम्ही मागताय, हे लक्षात असू द्या. पाऊस भरून आला असेल त्या दिवशी तर जाऊच नका. पत्र्यावर थेंब वाजायला लागले की अर्धं लक्ष ओढ्याकडे लागतं. पहिल्या भेटीला फोन खिशात ठेवायचा. रेकॉर्डिंग दुसऱ्या भेटीला, तेही विचारून.

परवानगी एकदा घेऊन भागत नाही. बातमीची वेगळी, नाटकाची वेगळी, नाव वापरायची वेगळी, फोटोची वेगळी. मी कागदावर सह्या घेत नाही. पुरानंतर त्या लोकांनी इतक्या कागदांवर अंगठे उठवलेले असतात, की आणखी एक पुढे केला की त्यांना वाटतं काहीतरी मिळणार. मी त्यांच्याच आवाजात मराठीत रेकॉर्ड करते: "माझी गोष्ट नाटकात घ्या, नाव घेऊ नका, पेपरात नको." आणि ते लगेच त्यांना ऐकवते. अठराच्या आतलं मूल असेल तर आईबापांचा होकार हवाच, मुलाचाही हवा. आईबाप हो म्हणतायत आणि पोरगं पायाच्या अंगठ्याने फरशी उकरतंय, तर तिथेच थांबायचं.

"तेव्हा काय वाटलं?" हा प्रश्न बंद. त्याला उत्तर एकच असतं, आणि ते त्यांनी प्रत्येक चॅनलला दिलेलं असतं. त्याऐवजी विचारा: जेवणं झाली होती का? घरात कोण कुठे होतं? आधी काय उचललं? कुणाचं दार वाजवलं, आणि कुणाचं राहिलं? मग पुढचं विचारा, कारण पूर रात्रीत येऊन जातो आणि कागद वर्षभर पुरतात. पंचनाम्याला कोण आलं, काय लिहिलं, काय लिहायला नकार दिला? रेशनकार्ड भिजलं ते कसं वाळवलं? भाड्याने राहणाऱ्याला मदत मिळाली की घरमालकाला? माझ्या मते नाटक इथेच आहे, आणि तरी जवळपास प्रत्येक संहिता पाणी ओसरलं की संपते.

बोलता बोलता कुणी रडलं तर रेकॉर्डिंग बंद करा, आणि बंद केलंय ते दिसू द्या. पाणी आणायला धावू नका. ती माउली स्वतःच उठेल आणि तुमच्यासाठी चहा टाकेल. नुसतं बसा. मानसिक आधारासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. लगेच तोंडावर मारू नका, निघताना सांगा.

एक गोष्ट एकतानगरीत फार जाणवते. सोसायटीतल्या लोकांकडे प्रत्येक इंच पाण्याचे व्हिडिओ असतात आणि बोलण्याची सवय असते. ओढ्याकाठच्या वस्तीत फोनच वाहून गेलेला. ज्याच्याकडे पुरावा, त्याची गोष्ट मोठी होते. हा तोल तुम्हालाच सांभाळायचाय. आणि माळीणला "त्या सकाळी काय झालं" विचारायला आता जाऊ नका. जायचंच असेल तर २०१७ पासून लोक ज्या नव्या गावात राहतायत, तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल विचारा.

बातमीला काय, नाटकाला काय

माणूस सांगतो, "ढगफुटी झाली." बातमीत ते तसंच लिहू नका. ढगफुटी म्हणजे छोट्या भागात तासाभरात शंभर मिलिमीटरच्या घरात पाऊस; आकडा असेल तर लिहा, नसेल तर "मुसळधार" पुरे. नाटकात मात्र त्याचं वाक्य जसंच्या तसं राहील, कारण त्याने आकाशाकडे बघून तेच म्हटलं होतं. तो सांगतो, "बारा फूट पाणी होतं." बातमीदाराने भिंतीवरची चिखलाची रेघ टेपने मोजायची. नटाने मोजायची गरज नाही.

ओळख लपवण्याचे नियमही उलटे आहेत. बातमीत तुम्ही तपशील गाळू शकता, बदलू शकत नाही. नाटकात दोन माणसांचं एक पात्र करता येतं, शिवणकामाऐवजी खानावळ करता येते. फक्त प्रेक्षकांना तसं आधी सांगा. नुसतं नाव बदलून काही होत नाही. "पुलाजवळ शिलाई करणारी विधवा" म्हटलं की वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं कोण ते.

तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून चार मिनिटं काढायची कशी, त्याचा एक नमुना देते. हा मीच रचलेला आहे, कुणाच्या घरातून उचललेला नाही. आधी मुलं लिहून आणतात तसं:

"त्या काळरात्री निसर्गाने रौद्र रूप धारण केलं! माझा संसार डोळ्यांदेखत वाहून गेला! काय गुन्हा होता माझा?"

आता रेकॉर्डिंगमध्ये सापडतं तसं:

"विरजण लावायला दूध कोमट करत होते. लाइट गेली. काडेपेटी घ्यायला वाकले तर हाताला पाणी. मला वाटलं ह्यांनी बादली लवंडली. ओरडले मी त्यांच्यावर. चांगली ओरडले. मग बघते तर दाराखालून येत होतं. आणि खरं सांगू, मी आधी गॅस बंद केला. दूध उतू जाईल म्हणून."

दुसऱ्यात एकही भारदस्त विशेषण नाही, आणि नवऱ्यावर ओरडणं आहे. तेच आधी कापायचा मोह होतो, कारण पूरग्रस्त बाई गरीब गायच हवी असते. ते ठेवा. "खरं सांगू" ठेवा. "चांगली ओरडले" हे दुसऱ्यांदा म्हणणं ठेवा. बोलणाऱ्याने विषय सोडून भाच्याच्या लग्नाचं काढलं असेल तर ते मात्र कापा, आपण कादंबरी लिहीत नाही.

तालमीत

निळं कापड दोन बाजूंनी धरून हलवायचं नाही. एकांकिकांच्या करंडक स्पर्धांमध्ये या कापडाखाली आजवर किती वस्त्या बुडाल्या असतील देव जाणे. पाण्याचा आवाज नको, सायरन नको. अचानक ब्लॅकआउट तर अजिबात नको: पूर आला तेव्हाही लाइट अशीच गेली होती, आणि ते लोक तुमच्या प्रेक्षकांत बसलेले असतील. कोथरूडच्या मुलाने "गावाकडची" बोली काढून बोलू नये. वाक्याची मोड तीच ठेवा, थांबण्याच्या जागा त्याच ठेवा, आवाज स्वतःचा वापरा. रेकॉर्डिंग कानाला लावून म्हणत गेलं की ते आपोआप जमतं.

नवख्या गटाला मी अभिवाचनच सुचवते. चार खुर्च्या, चार दिवे, हातात कागद. कागद हातात असला की "ही माझी गोष्ट नाही, मी वाचून दाखवतोय" हे न सांगता कळतं, आणि ऐनवेळी एखादं पान काढून टाकता येतं. हे फार महत्त्वाचं, कारण पान काढावं लागतंच. आमच्या एका प्रयोगाआधी एका दादांनी फोन करून सांगितलं, बहिणीचा भाग नको, तिच्या सासरी कळलं तर त्रास होईल. भाग सगळ्यात चांगला होता. दिग्दर्शक दिवसभर फुगून बसला होता. आम्ही तो काढला आणि प्रयोग तेवढा छोटा झाला, प्रेक्षकांतल्या कुणाला पत्ताही लागला नाही.

पहिलं वाचन नाट्यगृहात करू नका, वस्तीतल्या समाजमंदिरात करा, सांगणाऱ्यांसमोर. लोक मध्येच बोलतील, "तसं नव्हतं, आधी भिंत पडली." लिहून घ्या. बातमीतलंही त्यांच्या तोंडचं प्रत्येक वाक्य छापण्याआधी फोनवर वाचून दाखवा. अख्खी बातमी दाखवायची नाही, अधिकाऱ्यांचे जबाब तर नाहीच. फक्त त्यांचं ते त्यांना. वाक्य मागे घ्यायचं म्हणाले तर घेऊ द्या. आमदार म्हणाला तर नका घेऊ देऊ. सत्ता असलेल्या माणसाला ही सवलत नाही.

पैसे, परवाने, नंतरचं

बातमीसाठी पैसे द्यायचे नाहीत, कधीच नाही. नाटकाचं वेगळं: तिकीटविक्रीतला ठरलेला हिस्सा सांगणाऱ्यांना जावा, लेखकाला जातो तसाच. हे आकड्यासकट आधी बोला, पण दोन्ही कामं एकच गट करत असेल तर बातमी छापून झाल्यावरच पैशाचं काढा.

नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवा. चौकात करायचा तर पोलिसांची परवानगी घ्या, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सुदर्शन रंगमंचासारखी छोटी जागा या कामाला बालगंधर्वपेक्षा बरी, शेवटच्या रांगेतल्यालाही कुजबुज ऐकू येते. प्रयोगानंतर चर्चा ठेवलीत तर सांगणाऱ्यांना न विचारता मंचावर बोलावू नका. "त्या आज आपल्यात बसल्या आहेत" असं म्हणून टाळ्या घेणाऱ्या निवेदकाचा माइक मी स्वतः काढून घेतलेला आहे.

मूळ रेकॉर्डिंग एकाच माणसाकडे ठेवा, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. एक प्रत घरच्यांना द्या, पेन ड्राइव्हवर नको, त्यांच्या फोनमधल्या कार्डावर घालून, आणि वाजवून दाखवून. पुढच्या पावसाळ्याआधी एक फेरी मारा. भिंत पुन्हा बांधली का, पंचनाम्याचे पैसे आले का, ते विचारा. आले नसतील तर तुमची पुढची बातमी तीच आहे, आणि तिच्यासाठी परवानगी पुन्हा घ्यायचीय.