सीडी-डीव्हीडीवर लेबल लावताना आणि पॅकिंग करताना या चुका टाळा

डिस्क हातात आली की सगळे खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बिनधास्त बॉलपेन चालवतात. सीडीला धोका असतो तो वरूनच. माहितीचा थर छापील बाजूला अगदी लागून असतो. त्यावर धातूचा पातळ पत्रा आणि लॅकरचा काही मायक्रॉनचा लेप, बस्स. खालचा ओरखडा पॉलिशने बऱ्याचदा जातो, वरचा जात नाही. डीव्हीडीत माहिती ०.६ मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असल्याने ती जास्त सोसते. ब्लू-रेचा थर मात्र खालच्या बाजूपासून फक्त ०.१ मिमीवर असतो.

हाताने लिहायचे असेल तर पाण्यावर आधारित शाईचा, मऊ टोकाचा सीडी मार्कर घ्या. जुन्या सीडीवर फक्त क्रमांक टाकायचा असेल तर भोकाजवळच्या पारदर्शक कड्यावर टाका. तिथे माहिती नसते.

कागदी गोल स्टिकर

लग्नाची डीव्हीडी सप्तपदीपर्यंत नीट चालते आणि रिसेप्शनला अडकते, ही तक्रार ठरलेली. डीव्हीडीवर माहिती आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो. कागद आणि गोंद पावसाळ्यात ओल धरतात, उन्हाळ्यात आक्रसतात. डिस्क किंचित वाकते आणि हा वाक कडेलाच सर्वांत जास्त जाणवतो. त्यातच स्टिकर केंद्रापासून जरा सरकलेला असेल, तर जास्त वेगात डिस्क थरथरते. गाडीतल्या खाचेच्या प्लेअरमध्ये सुटलेले टोक आत अडकते, ते वेगळेच.

अशा डिस्कचा स्टिकर सोलू नका. सीडी असेल तर त्याच्याबरोबर पत्राही निघतो. स्टिकरसकट ट्रेच्या ड्राइव्हमध्ये घाला, वाचनाचा वेग कमी ठेवा, इमेज (पूर्ण डिस्कची हुबेहूब फाइल) काढा आणि नवी डिस्क बनवा.

प्रिंटेबल डिस्क

इंकजेट प्रिंटरने जिच्यावर थेट छापता येते ती प्रिंटेबल डिस्क. स्टिकरपेक्षा हाच मार्ग बरा. पण पांढरी दिसते ती प्रत्येक डिस्क प्रिंटेबल नसते. कडेला ओले बोट टेकवून पाहा: पृष्ठभाग किंचित चिकट लागला तर शाई धरेल, पाण्याचा थेंब तसाच राहिला तर शाई ओघळेल.

आधी बर्न करा (डिस्कवर माहिती लिहा), व्हेरिफाय करा (ती नीट लिहिली गेली का ते तपासा), मग छापा. फसलेल्या डिस्कवर शाई वाया जात नाही आणि ओल्या शाईची डिस्क ड्राइव्हमध्ये जात नाही. छपाईचे माप पाकिटावर बघा किंवा पट्टीने मोजा. पूर्ण पांढऱ्या डिस्कला साधारण आतला व्यास २३ मिमी, बाहेरचा ११८. आतले माप लहान दिले तर शाई पारदर्शक कड्यावर पडते, तिथे ती वाळत नाही आणि बोटांना लागत राहते. चित्र मिलिमीटरभर सरकत असेल तर डिझाइन हलवू नका, प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंट पोझिशन दुरुस्त करा. चाचणी खराब डिस्कवर घ्या. छापल्यावर चोवीस तास सुट्या ठेवा. लगेच एकावर एक रचल्या तर वरच्या डिस्कच्या तळाला शाई लागते.

मराठी नाव भोकाभोवती गोल फिरवायचा मोह आवरा. वळणावर प्रत्येक अक्षर वेगळे फिरते आणि शिरोरेषा तुटते. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ भोकाच्या वर-खाली सरळ ओळीत बसवा, अक्षरांमधले अंतर शून्य ठेवा. जोडाक्षरे फुटत असतील तर फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा.

कव्हर आणि कुरिअर

डीव्हीडी केसचे कव्हर २७३ × १८३ मिमी, त्यात मधला कणा १४ मिमी. ए-फोरवर सहज बसते, पण प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ चालू राहिले की माप बदलते आणि कण्यावरचे नाव एका बाजूला सरकते. १०० टक्क्यांवरच छापा. १३० ते १७० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पुरे; फार जाड कार्ड प्लास्टिकच्या आवरणात फुगते. ज्वेल केसच्या (सीडीच्या कडक पारदर्शक डबीच्या) मागच्या कार्डाचे माप १५१ × ११८, दोन्ही बाजूंना साडेसहा मिमीची घडी. संपलेल्या रिफिलने पट्टीवरून रेघ ओढली की घडी सरळ बसते.

कुरिअरने पाठवायची असेल तर ज्वेल केस नकोच. मधले दात मोडतात आणि त्यांचे तुकडे प्रवासभर डिस्कवर घासत राहतात. लवचिक पॉलिप्रॉपिलीनची डीव्हीडी केस वापरा. ती महाग वाटली तर टायवेक (सहज न फाटणारे, कागदासारखे प्लास्टिक) पाकीट, दोन्ही बाजूंना पुठ्ठा आणि वर बबल पाकीट. स्वस्त पीव्हीसी पाकिटात डिस्क वर्षानुवर्षे ठेवू नका. मऊपणासाठी घातलेले रसायन हळूहळू बाहेर येते आणि प्लास्टिक डिस्कला चिकटते.