ठासणीच्या जुन्या रायफलीसाठी गोळ्या ओतण्याआधी

साचा मागवण्याआधी नळी मोजा, हे मी सगळ्यात वर ठेवतो. १८५३ नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या नळीचं कागदावरचं आतलं माप ०.५७७ इंच आहे, पण वापर, गंज आणि घासपूस यांमुळे आज प्रत्येक नळीचं माप वेगळं भरतं. त्याआधी बंदूक भरलेली नाही ना, हे गज आत घालून पाहा. नळीला तडा नाही आणि तिचं बूड, म्हणजे मागचं बंद टोक, घट्ट आहे, एवढं जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या.

मग नळीच्या तोंडाला तेल लावून किंचित जाड, मऊ शिशाचा तुकडा हलक्या हाताने ठोकत आत घाला. त्यात आधीच स्क्रू बसवलेला असू द्या. बूड बंद असल्यामुळे तुकडा तोंडातूनच ओढून काढावा लागतो. त्यावर आट्यांचे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांचे, ठसे स्पष्ट उमटतात. एनफिल्डला तीन आटे, म्हणजे खाचेसमोर खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर फसवतो. तिथे व्ही आकाराच्या जबड्याचाच हवा. बुडाशी पोकळ असलेली मिनिए गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच लहान ठेवतात. कापडात गुंडाळून ठासायची गोल गोळी साधारण ०.०१० इंच लहान. साचा बनवणाऱ्याला हे माप देताना शुद्ध शिसं ओतणार आहात हेही सांगा, कारण अँटिमनी (शिसं कडक करणारा पदार्थ) मिसळलेल्या शिशापेक्षा ते थंड होताना जास्त आकसतं.

शिसं नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ हवं. गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं कडक असतात. त्यांच्या मिनिए गोळीचं बूड दाबाने नीट फुलत नाही आणि गोळी आटे धरत नाही. बॅटरीतलं शिसं तर अजिबात वितळवू नका, त्यातून आर्सेनिक आणि अँटिमनीचे जीवघेणे वायू निघू शकतात.

भट्टी मोकळ्या हवेत, पण पावसापासून दूर मांडा. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब गेला तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं, म्हणून पळी आणि शिशाचे तुकडे आधी गरम करून कोरडे करा. चष्मा, चामडी हातमोजे, लांब बाह्या, बंद बूट. जवळ खाणं-पिणं नको, लहान मुलं तर नकोतच. वरची मळी झाकणाच्या डब्यात टाका, तिची धूळ पोटात जाणं वाईट.

नव्या साच्याचं तेल साबणाच्या गरम पाण्याने काढून तो पूर्ण वाळवा आणि आधी तापवा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ओतायला ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा, थर्मामीटर वापराच. सुरकुत्या पडलेली गोळी म्हणजे साचा थंड, दुधाळ पांढरट गोळी म्हणजे जास्त तापलेला. गोळीचं बूड पोकळ ठेवणारा साच्यातला खिळाही साच्याइतकाच तापलेला हवा, नाहीतर कडा अर्धवट भरते. शेवटी तराजू काढून ठेवा. दिसायला निर्दोष पण वजनाला हलकी गोळी आत पोकळ असते, ती परत भट्टीत टाका.