टाचेचं हाड वाढलंय? एक्स-रे बाजूला ठेवा, पट्ट्याकडे बघा

एक्स-रेवर टाचेखाली छोटा काटा दिसला की ‘हाड वाढलंय, तेच टोचतंय’ असं घरात जाहीर होऊन जातं. बहुतेक वेळा दुखण्याचं कारण ते नसतं. तो काटा जमिनीच्या दिशेने नाही, तर बोटांच्या दिशेने आडवा वाढलेला असतो, म्हणून पाऊल टेकलं की तो खाली रुततो हे खरं नाही. असे काटे असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. वय आणि वजन वाढलं की ते जास्त दिसतात, एवढंच. उलट टाच ठणकणाऱ्या कितीतरी जणांचा एक्स-रे साफ असतो.

दुखतो तो प्लँटार फॅशिया. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायातून जाणारा हा जाड पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. वाढलेलं वजन, ओट्यापाशी किंवा दुकानात तासन्‌तास उभं राहणं, आखडलेली पोटरी, एकदम वाढवलेलं चालणं यांमुळे टाचेकडच्या त्याच्या मुळाशी रोज जास्तीचा ताण येतो आणि तिथली झीज भरून निघत नाही. काटा हा अशा ताणाचा जुना माग असू शकतो. दुखणं गेल्यावरही तो एक्स-रेत तसाच दिसतो, त्यामुळे ‘हाड विरघळवणारं’ औषध शोधण्यात पैसे घालवू नयेत.

ओळख सोपी आहे. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पाच-दहा पावलं जीव काढतात, मग जरा सैल होतं आणि दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकतं. टाचेखाली, आतल्या बाजूला, पुढच्या कडेशी अंगठ्याने दाबलं की नेमकी जागा सापडते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर कळ आली, तर मात्र हाडाला बारीक चीर असण्याची शंका घ्यावी आणि खालचे व्यायाम न करता डॉक्टरांना दाखवावं. मुंग्या, बधिरपणा, सूज, ताप, झोपेतही दुखणं, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर आखडणं, यातलं काही असेल तरीही आधी तपासणी.

पहिला व्यायाम अंथरुणातच, पाय खाली टेकण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा. पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळपायावर फिरवा, ताणलेला पट्टा बोटाला लागला पाहिजे. तो लागत नसेल तर तुम्ही नुसती बोटांची टोकं वाकवताय. १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून ३ वेळा. बाथरूमला जाऊन आल्यावर केलं तर सकाळचा फायदा गेला, कारण तोवर ती पहिली पावलं पडून गेलेली असतात.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. ३० सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून आणखी ३० सेकंद, म्हणजे आतला स्नायूही ताणला जातो. मागचं पाऊल बाहेर वळतं ही नेहमीची चूक. बोटं भिंतीकडेच हवीत.

खरी ताकद तिसऱ्या व्यायामात आहे, आणि नेमका तोच लोक टाळतात. डेन्मार्कमधल्या २०१४ च्या अभ्यासात तो करणाऱ्यांचं दुखणं तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा कमी होतं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर, कठडा धरून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून उभे राहा. बोटं चांगली वर वळली पाहिजेत. ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एका पायावर १२ वेळा, असे ३ सेट, एक दिवसाआड. जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांवर. दोन आठवड्यांनी सॅकमध्ये वजन घाला (पुस्तकं किंवा पिठाच्या पिशव्या चालतात) आणि १० वेळांचे ४ सेट. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ वेळांचे ५. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी पहिलं पाऊल नेहमीपेक्षा वाईट गेलं, तर वजन कमी करा. घाई केली तर इथेच बिघडतं.

घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद. पातळ, सपाट चपला आणि कडक तळाच्या कोल्हापुरी काही महिने कपाटात. टाचेला थोडी उंची आणि कमानीला आधार असलेली चप्पल पलंगाशीच ठेवा. सिलिकॉनचा हील कप (टाचेखाली ठेवायची मऊ वाटी) लावायचा तर दोन्ही बुटांत.

शेक की बर्फ, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्हींनी तात्पुरतं बरं वाटतं. पायात मोजा घालून फ्रीझरमध्ये गोठवलेली बाटली ५ ते १० मिनिटं तळपायाखाली फिरवा. तापलेली वीट आणि रुईचं पान हा घरगुती शेक मधुमेह असलेल्यांनी मात्र करूच नये. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि ती जखम टाचदुखीपेक्षा महागात पडते.

फरक जाणवायला ६ ते १२ आठवडे लागतात, पूर्ण बरं व्हायला कधी वर्षही. एवढं नियमित करूनही तीन महिन्यांत हलत नसेल, तर शॉकवेव्हबद्दल (बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देणारा उपचार) ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. फक्त काटा काढायची शस्त्रक्रिया कोणी पहिल्याच भेटीत सुचवली, तर दुसरं मत घ्या.