अत्याचारानंतरचे पहिले दिवस: सोबत जाणाऱ्यांनी या चुका टाळा

लैंगिक अत्याचार झालेली बाई किंवा मुलगी सहसा एकटी बाहेर पडत नाही. सोबत कोणीतरी असतं. आई, वहिनी, रूममेट, होस्टेलच्या रेक्टर, गावातल्या आशाताई. हा लेख त्या सोबतच्या माणसासाठी आहे. कायदे, योजना, हेल्पलाइन आपल्याकडे कागदावर बऱ्यापैकी आहेत. घोळ होतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत, आणि तो घालणारे दर वेळी पोलीसच असतात असं नाही. बऱ्याचदा जीव लावणारी घरचीच माणसं असतात, "आम्ही बघतो, तू गप्प बस" म्हणणारी.

आधी पोलीस, मग दवाखाना

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. घरात बैठक बसते, तक्रार करायची की नाही यावर खल होतो, मामाला गावाहून बोलावलं जातं, आणि तोवर औषधांची वेळ निघून जाते. तक्रारीचा निर्णय उद्या घेता येतो, महिन्याने घेता येतो. बलात्काराच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही. औषधांना आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस रोज घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळीही पहिल्या ७२ तासांत जास्त उपयोगी पडते, त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत थोडाफार परिणाम राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन, कावीळ-बीची लस, गुप्तरोगांवरची औषधं हे सगळं त्याच भेटीत मागून घ्या.

म्हणून आधी दवाखाना. सिव्हिल, मेडिकल कॉलेज, महापालिकेचं रुग्णालय, नाहीतर जवळचं खासगी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा वेळी ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत. नकार दिला तर रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तरीही कॅज्युअल्टीत "आधी पोलिसांचं पत्र आणा" हे वाक्य कानावर पडतंच. तिथून परत फिरू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती पोलिसांशिवाय थेट रुग्णालयात येऊ शकते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना कलमाचा आकडा सांगा, अधीक्षकांचं ऑफिस कुठे आहे ते विचारा, आणि "नकार देत असाल तर तसं केस पेपरवर लिहून द्या" एवढंच शांतपणे म्हणा. सज्ञान बाईला तक्रार करायची नसेल, तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण आपल्याला तक्रार नको हे ती लेखी देऊ शकते. त्यामुळे उपचार अडत नाहीत.

तपासणीला संमती तिची लागते, आणि एका सहीत सगळं बांधलेलं नसतं. उपचारांना हो, नमुने घ्यायला नाही, असंही ती म्हणू शकते. मधेच थांबवू शकते. 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी, कुणी करू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आणि पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये ती चाचणी चुकीची ठरवली आहे, आणि २०२२ च्या निकालात तर ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं आहे. बाहेर पडण्याआधी वैद्यकीय अहवालाची प्रत मागा. ती मोफत मिळायला हवी. नंतर मागायला गेलात तर रेकॉर्ड रूमच्या चकरा तुमच्याच नशिबी.

"अंघोळ केली, आता काय उपयोग?"

अंघोळ करावीशी वाटणं यात तिची चूक काही नाही, आणि त्यावरून तिला बोल लावणं तर मुळीच नको. शक्य असेल तर तपासणीआधी अंघोळ टाळावी, कपडे धुवू नयेत. पण दोन्ही झालं असेल तरी जा. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, आणि शरीरावरच्या खुणा, कपडे, चादर, फोन हेही पुरावेच असतात. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलाव्याने नमुने खराब होतात. कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. गुंगीचं काही पाजल्याचा संशय असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे रक्त आणि लघवीचे नमुने वेळेत घेतले जातील.

फोनची गोष्ट वेगळी. रागाच्या भरात भाऊ आरोपीचे मेसेज उडवतो, त्याला ब्लॉक करतो, किंवा त्याच्याच फोनवर शिव्यांची लाखोली वाहतो. तिन्हीचा फायदा आरोपीच्या वकिलाला होतो. मेसेज आहेत तसे राहू द्या, फोन बदलू नका, रिसेट करू नका.

आणि अंगावर जखमा नाहीत म्हणून "मग जबरदस्ती कशी?" हा प्रश्न घरातल्या कुणीही विचारू नये. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली याच तर्काने पोलिसांना सोडलं होतं. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही, हे आज कायद्यातच लिहिलेलं आहे. तरी आपल्या ओटीवर १९७८ चाच निकाल वाचला जातो.

ठाण्यात अडलं तर

"हद्द आमची नाही." हे उत्तर बेकायदा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ते शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवतात आणि संबंधित ठाण्याकडे पाठवतात. गोव्यात फिरायला गेलेल्या पुण्याच्या मुलीला तक्रारीसाठी परत कळंगुट गाठायची गरज नाही.

"अर्ज ठेवून जा, साहेब आले की बघू." अर्ज ठेवून निघणं ही चूक. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे एनसी. हातात कागद मिळतो, घरच्यांना वाटतं तक्रार झाली. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, आणि बलात्कार दखलपात्र आहे. कागदावर एफआयआर क्रमांक आणि कलमं आहेत का ते ठाण्याच्या दारातच तपासा. प्रत मोफत मिळते. गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे. ठाणे अंमलदार ऐकत नसेल तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पावती जपा. त्यानेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा आहे. पीडिता अपंग असेल तर जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, गरज असल्यास दुभाषी किंवा विशेष शिक्षक बसवून, आणि व्हिडिओ चित्रीकरणासह.

तिच्या वतीने बोलणं

ती रडते, अडखळते, म्हणून काकू मधेच तोंड घालतात: "अगं, आठ वाजले होते ना, सांग की!" इथे खटला कमकुवत होतो. तिला वेळ आठवत नसेल तर "आठवत नाही" असंच लिहिलं जाऊ दे. पढवलेला जबाब आणि पुढे दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब यांतली तफावत उलटतपासणीत नेमकी पकडली जाते. तपशील मागेपुढे होणं, मधलाच तुकडा न आठवणं, सांगताना चेहरा कोरा असणं, हे धक्क्यानंतर सर्रास घडतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, हसली, मोबाइल बघत बसली, यावरूनही काही सिद्ध होत नाही. सही करण्याआधी जबाब तिने वाचावा किंवा तिला वाचून दाखवावा, आणि चुकीचं लिहिलं असेल तिथे दुरुस्ती मागावी. तुमचं काम पाण्याची बाटली, चार्जर, बदलायचे कपडे आणि घरी परतायची गाडी. हे लहान वाटतं, पण सहा तास बाकड्यावर बसलेल्या बाईला विचारा.

मुलांच्या बाबतीत नियम वेगळा

अठरा वर्षांखालच्या मुलाने किंवा मुलीने सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही आणि डॉक्टरलाही. मात्र हाच कायदा मुलाची काळजीही घेतो. जबाब घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी, पोलीस गणवेशात नसावेत, आणि रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. बालकल्याण समितीकडे 'सपोर्ट पर्सन' मागा. खटला संपेपर्यंत सोबत राहणारी ही प्रशिक्षित व्यक्ती असते, आणि ती मागायची असते हेच बहुतेक पालकांना ठाऊक नसतं. पॉक्सो मुलग्यांनाही लागू आहे. "मुलगा आहे, विसरेल" म्हणून गप्प बसणं ही वेगळी चूक म्हणून मोजायला हवी. सज्ञान पुरुषांसाठी मात्र न्याय संहितेत बलात्काराचं कलम नाही, ही मोठी त्रुटी आहे. त्यांनी औषधोपचार आणि समुपदेशन तरी टाळू नये.

मिटवून टाकणं

गावातली चार शहाणी माणसं येतात. पैसे, जमिनीचा तुकडा, नाहीतर "त्याच्याशीच लग्न लावून द्या". बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी अशी जामिनाची अट एका उच्च न्यायालयाने घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली. जातपंचायतीने घरावर बहिष्कार टाकला तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली वेगळी तक्रार करा.

गरोदरपण राहिलं तर त्यावरही घरात बैठक नको. अत्याचारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत कायद्याने काढता येतो, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची किंवा बापाची सही लागत नाही. तक्रार झालेली असेल तर डॉक्टरांना आणि तपास अधिकाऱ्याला आधी कळवा, म्हणजे डीएनएसाठी नमुना जपला जाईल.

तिचं नाव, फोटो, गल्ली, कॉलेज व्हॉट्सअॅपवर टाकू नका, "न्याय द्या" अशा मजकुराखालीही नाही. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

"एफआयआर झाली, सुटलो"

इथून पुढे गर्दी पांगते. जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वकील आणि घरी राहणं धोक्याचं असेल तर साधारण पाच दिवसांचा निवारा मिळतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र आहे, तशी केंद्रं पुढे इतर रुग्णालयांतही निघाली. राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून मिळणाऱ्या आर्थिक मदतीसाठी निकालाची वाट बघत बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद आणि बँक पासबुक घेऊन जा. तिथेच मोफत वकीलही मागा. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो मागितला गेला तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ दाखवा.

तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तिला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जामिनाच्या सुनावणीत आपली बाजू मांडू द्या अशी मागणी तिच्या वकिलाने करायला हवी, आपोआप कुणी बोलावेल या भरवशावर राहू नका. धमक्या येऊ लागल्या तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज द्या.

तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदत १५१००, आणि रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस १४४१६. शेवटचा नंबर सोबत फिरणाऱ्या आईलाही चालतो.