कॉलेजात चित्र शिकवायचं अन् रोजचं कार्टूनही द्यायचं, तर असं करा

राजेहो, पेपरवाले कार्टून संध्याकाळी मागतात, म्हणून लेक्चर सकाळचेच मागून घ्या अन् दुपारी लाइट जाणार हे धरूनच चाला, रफ पेन्सिलनं, इंकिंगही, म्हणजे शाईनं रेघा पक्क्या करणं, कागदावरच. तेच रफ वर्गात न्या. तयार चित्र पाहून पोट्टे काही शिकत नाहीत, खोडलेल्या रेघा दाखवा, बैलाची मान का बदलली ते सांगा. मॉडेल कशाला शोधता, आठवडी बाजारात बसवा त्यांना, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेल्या बाईची मान ताठ अन् कंबर कशी वळते ते दोन मिनिटात काढू द्या, फोटोवरून अजिबात नाही. पोट्ट्यांची आयडिया मात्र आपल्या कार्टूनात घ्यायची नाही, हे पक्कं. काळी लाइनआर्ट, म्हणजे नुसत्या काळ्या रेघांचं चित्र, 600 डीपीआयनं (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा, कमी ठेवलं तर छपाईत रेघ दातेरी येते.