सागरापारच्या गुलामगिरीचा इतिहास: अभ्यास करताना या चुका टाळा

आफ्रिकेतून अटलांटिकपार सुमारे सव्वा कोटी माणसं नेली गेली, हा आकडा बहुतेक लेखांत येतो. आकडा भरवशाचा आहे, पण तो शिरगणतीसारखा वापरू नका. जहाजांच्या ३६ हजारांच्या आसपास फेऱ्यांच्या नोंदी जुळवून, हरवलेल्या फेऱ्यांचा हिशेब धरून काढलेला तो अंदाज आहे. शिवाय ही संख्या जहाजावर चढवलेल्यांची; पलीकडे जिवंत उतरले सुमारे एक कोटी सात लाख. किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत आणि तिथल्या कोठड्यांत मेलेले या दोन्हींत नाहीत.

सगळ्यात घातक चूक कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. १७८१ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या ‘झाँग’ जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी बंदिवानांना समुद्रात फेकलं गेलं. मालकांनी विम्यापोटी माणशी ३० पौंड मागितले. १७८३ मध्ये लंडनच्या कोर्टात गाजलं ते हे विम्याचं प्रकरण. खुनाचा खटला कुणावरच चालला नाही. पाणी संपत आलं होतं, असा मालकांचा दावा. पण माणसं फेकणं चालू असतानाच पाऊस पडल्याचं सुनावणीत पुढे आलं, आणि जहाजाची रोजनिशी तर गायबच होती. आता त्या कागदांतला पाण्याचा मुद्दा उचलून आपण कारण म्हणून छापला, तर मालकांची वकिली आपणच पुढे चालवतो. कागद कुणी लिहिला आणि कुणाला काय पटवायला लिहिला, हे आधी तपासा.

गुलामांच्या बाजूचा पुरावाच नाही, असं म्हणून थांबणंही चूक. गुलामांच्या व्यापारावर बंदी आल्यावर पकडलेल्या जहाजांवरून सोडवलेल्या हजारो लोकांची नावं फ्रीटाउन (सिएरा लिओन) आणि हवाना (क्युबा) इथल्या नोंदवह्यांत आहेत. कारकुनांनी ती कानाला ऐकू आली तशी उतरवली. अभ्यासकांनी ती आफ्रिकी भाषा बोलणाऱ्यांना ऐकवली आणि त्यावरून कोण कुठल्या मुलखातला असावा याचा माग काढला. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

अटलांटिकपुरतं पाहू नका. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या केप वसाहतीत बंगाल, मलबार, मादागास्कर, मोझांबिक इथून गुलाम आणले जात. तिथल्या कागदांत ‘व्हान बेंगालेन’, म्हणजे ‘बंगालची’, असं लावलेलं नाव दिसलं की जन्म बंगालचाच असं लिहून मोकळं होऊ नका. माणूस जिथून विकला किंवा जहाजात चढवला गेला, ते ठिकाणही असं नावाला चिकटे. आणि साऱ्यांचं आयुष्य एकाच साच्यातलं नव्हतं: इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कारभार चालवत होता.

कायद्याची तारीख म्हणजे शेवट, असंही समजू नका. ब्रिटनने १८०७ मध्ये बंदी घातली ती व्यापारावर. वसाहतींतली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, तरी बहुतेक ठिकाणी १८३८ पर्यंत त्याच लोकांना त्याच मालकांकडे राबावं लागलं. दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली तीही मालकांना. त्यांनी भरपाईसाठी केलेले अर्ज मात्र जरूर वाचा: कुणाकडे किती गुलाम होते आणि तो पैसा ब्रिटनमध्ये कुठल्या घरांत गेला, हे त्यांतूनच कळतं.